उघडली की उघडी राहते

प्रश्न : मी आणि माझी बहीण हाताने शिवलेल्या वह्या बनवतो. वेष्टनावर छापायला एक ओळ हवी आहे. 'गुणवत्ता हीच आमची ओळख' असं जवळजवळ ठरलंय, पण बहीण म्हणते यात काहीच नाही. कुणाचं बरोबर?

उत्तर : बहिणीचं. वाईट वाटून घेऊ नका. मी जाहिरातीत अठ्ठावीस वर्षं काढली, आणि त्यातली पहिली दोन असल्याच ओळी पाडण्यात गेली.

ओळ उलटी करून बघा. 'गुणवत्ता ही आमची ओळख नाही' असं जगात कुणी छापेल का? कुणीच छापणार नसेल, तर सुलट ओळ वाचूनही ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही. ती सिमेंटच्या पोत्यावर चालेल, शिकवणीच्या पाटीवर चालेल, तुमच्या वहीवरही चालेल. शिवाय त्यात वही कुठेच नाही, सगळं 'आमची, आमची'.

आता दुसऱ्या टोकाची ओळ बघा. १९६२ साली अमेरिकेत मोटारी भाड्याने देणारी एव्हिस ही कंपनी बरीच वर्षं तोट्यात होती आणि त्याच धंद्यात पहिल्या नंबरवर असलेल्या हर्ट्झच्या खूप मागे होती. पॉला ग्रीन या कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या बाईंनी लिहून दिलं : 'वी ट्राय हार्डर'. आम्ही दुसऱ्या नंबरवर आहोत, म्हणून जास्त झटतो. आपण मागे आहोत हे पैसे मोजून जाहीर करायचं, याला छाती लागते. पण एकदा माणसाने स्वतःचं उणं कबूल केलं की त्याचं पुढचं वाक्य आपण खरं मानतो. बोलीभाषेतही तसंच आहे. 'महाग आहे, पण...' असं म्हणणाऱ्या दुकानदाराचं आपण थांबून ऐकतो. आणि 'जास्त' म्हणजे कुणापेक्षा, हे ओळीत नाहीच. ते ऐकणारा भरतो, आणि पहिल्या नंबरवाल्याला सुस्त ठरवून मोकळा होतो. वर्षभरात एव्हिस नफ्यात आली. ओळ इतकी झोंबली, की १९६६ मध्ये हर्ट्झला त्यावर उत्तर देणारी जाहिरात काढावी लागली.

छोट्या शब्दांवर लक्ष ठेवा, खरं काम तेच करतात. लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं 'बिकॉज आय अ‍ॅम वर्थ इट' घ्या, म्हणजे 'कारण माझी तेवढी किंमत आहे'. ही ओळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, केसांच्या रंगासाठी इलॉन स्पेक्ट यांनी लिहिलेली. रंग प्रतिस्पर्ध्यापेक्षा महाग होता. ओळ 'कारण'ने सुरू होते, म्हणजे कुणीतरी आधी विचारलंय, 'एवढे पैसे कशाला?' तो प्रश्न जाहिरातीत दिसत नाही, पण प्रत्येकीने तो घरात कधीतरी ऐकलेला असतो. आणि उत्तर देते 'मी'. पुढे कंपनीने त्या 'मी'चं 'तुम्ही' केलं, मग 'आपण'. मला विचाराल तर पहिल्या बदलातच धार गेली. 'मी' म्हणणारी बाई भांडत होती, 'तुम्ही' म्हणणारी विकत असते.

हिरे विकणाऱ्या डी बिअर्सची 'अ डायमंड इज फॉरएव्हर', म्हणजे 'हिरा कायमचा असतो', ही ओळ तर आणखी बेरकी. फ्रान्सेस गेरेटी यांनी १९४७ मध्ये लिहिली. व्याकरण जरा लंगडं आहे म्हणून त्यांच्या जाहिरात एजन्सीतच नाकं मुरडली गेली होती. ओळीत प्रेम नाही, लग्न नाही, अंगठीही नाही. कायमचा आहे तो हिरा, पण वाचणारा ते 'कायमचं' उचलून नात्याला जोडतो. आणि जे कायमचं आहे ते कुणी विकायला काढत नाही. एकदा गेलेला हिरा परत बाजारात न येणं कंपनीच्या किती सोयीचं, ते सांगायला नको.

तर तुमची वही. तुम्ही पाठवलेली मी टेबलावर उघडून ठेवली आणि चहा करायला गेले. परत आले तरी ती त्याच पानावर सपाट पडलेली. चिकटवलेल्या वह्या अशा राहत नाहीत, कोपराने दाबून धराव्या लागतात. म्हणजे तुमच्या शिलाईचा गुण तिथे आहे, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नव्हता! माझी सूचना : 'उघडली की उघडी राहते.' उलटी करून बघा, चालते. बाजारातल्या बहुतेक वह्यांचं ते खरं वर्णनच होतं.

प्रश्न : ओळ ग्राहकाला कळलीच पाहिजे का?

उत्तर : दरवेळी नाही. १९८० च्या दशकात आउडी या जर्मन मोटार कंपनीने ब्रिटनमध्ये 'फोरश्प्रुंग डुर्ख टेक्निक' ही जर्मन ओळ भाषांतर न करता चालवली. जाहिरात करणाऱ्या जॉन हेगार्टी यांना ती कंपनीच्या कारखान्यात एका पोस्टरवर दिसली होती. अर्थ साधारण 'तंत्राच्या बळावर आघाडी' असा, पण बहुतेकांना तो ठाऊक नव्हता. ऐकू यायची ती जर्मन भाषा, आणि जर्मन म्हटलं की यंत्र पक्कं असणार हा ग्रह लोकांच्या मनात आधीपासून होता. तो ग्रह नसता तर ही ओळ नुसती खोकल्यासारखी वाटली असती. तेव्हा हे बघून लगेच वहीवर लॅटिन छापू नका.

प्रश्न : ओळ जमली की ब्रँडची प्रतिमा आपोआप तयार होते ना?

उत्तर : एका कुरियर कंपनीसाठी मी लिहिलं होतं, 'आम्ही कुठेच थांबत नाही.' चार शब्द, वेग, जिद्द, सगळं आलं म्हणून मी खूश. गाड्यांवर रंगवली. दोन महिन्यांनी एका गृहस्थांचं पोस्टकार्ड आलं : 'आपण कुठेच थांबत नाही हे पटले. माझ्या दारातही थांबला नाहीत. पार्सल कुठे आहे?' कंपनीच्या साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेले. पार्सलं उशिरा आधीही जात होती, पण तोवर लोक नुसते वैतागायचे. मी त्यांना वैतागायला एक वाक्य दिलं होतं. त्यानंतर कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मी त्या कंपनीचं तक्रारींचं रजिस्टर मागवून घ्यायला लागले.