क्रूझवर लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना मिळून काय काय करता येते?

आपण विचारले आहे की मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझवर नऊ जणांचे कुटुंब न्यायचे आहे, सर्वांत धाकटा 4 वर्षांचा आणि सर्वांत मोठे 73 वर्षांचे आहेत, तर सर्वांना एकत्र करता येतील असे उपक्रम कोणते. शेवटी आपण हेही विचारले आहे की आजी-आजोबांना एका जागी निवांत बसण्याची सोय असते का. केवळ पहिला प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. मी 67 वर्षांची आजी आहे, 31 वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे, आणि बसण्याची सोय माझ्या घरीही उत्तम आहे.

आम्ही 2023 च्या डिसेंबरात याच मार्गाने गेलो होतो: मी, माझे यजमान, मुलगा, सून, 14 वर्षांची नात आणि 7 वर्षांचा नातू. मुलाने निघण्यापूर्वीच तिन्ही दिवसांचे वेळापत्रक छापून आणले होते. त्यात प्रत्येकाच्या नावाचा एकेक रकाना होता आणि माझ्या रकान्यात दोन संध्याकाळी नातवाचे नाव होते. मी ते पाहिले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवे होते.

उपक्रमांचे विचाराल तर ते भरपूर असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या रात्री खोलीत मिळतो. तंबोला, जादूचे प्रयोग, नाचगाण्याचा मोठा कार्यक्रम, अंताक्षरी, लहान मुलांसाठी स्वतंत्र बालकक्ष. कॅसिनो फक्त प्रौढांसाठी असतो आणि तो किनारा बराच मागे पडल्यावरच उघडतो. या साऱ्यात सर्व वयांना खरोखर चालणारी गोष्ट म्हणाल तर तंबोला, आणि तोही एकदाच, कारण तिकिटांना दर वेळी पैसे पडतात. सर्वांत हाल होतात ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे. बालकक्षात ती मावत नाहीत आणि मोठ्यांच्या कार्यक्रमांना त्यांना कोणी घेत नाही. आमच्या नातीने दोन दिवस टेबल टेनिसच्या टेबलापाशी काढले आणि तिसऱ्या दिवशी तेथल्या तीन मुलींशी तिची अशी मैत्री झाली की उतरताना आम्हालाच तिची वाट पाहावी लागली.

तरणतलावाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण वेळापत्रकात तो माझ्या रकान्यात नव्हता. मी 26 वर्षे महापालिकेच्या तलावात पोहते आहे. पोहण्याचा पोशाख बॅगेत भरताना मुलाने पाहिला आणि "आई, तिथे सगळे लोक असतात गं" असे तो म्हणाला. मी सकाळी तलाव उघडताच गेले. तेथे मी आणि फरशी पुसणारा एक मुलगा, याखेरीज कोणी नव्हते. तलाव इतका लहान की पाच-सहा हात मारले की भिंत लागते. पण बोट हलते तसे पाणी परातीतल्यासारखे एका कडेला चढते, मग दुसऱ्या कडेला, आणि आपण मध्येच एकदा चढावर पोहतो आणि एकदा उतारावर. हे सुख मला महापालिकेने कधी दिले नव्हते. आपल्या सासूबाईंना किंवा आईंना पोहता येत असेल तर त्यांना सकाळीच पाठवा. चार वर्षांच्या मुलाबाबत मात्र आधी चौकशी करा, कारण लंगोट लागणाऱ्या मुलांना अशा तलावात सहसा उतरू देत नाहीत.

माझ्या मते सर्वांत चांगला उपक्रम कार्यक्रमाच्या कागदावर छापलेलाच नसतो. बोट संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून सुटते तेव्हा लोक बुफेकडे धावतात. आपण वरच्या डेकवर थांबा. कुलाब्याचे टोक उजव्या हाताला मागे सरकते आणि त्याच्याही पुढे, पाण्यात उभे असलेले प्रॉन्ग्ज दीपगृह दिसते, ते 1875 सालचे आहे. डाव्या हाताला, अलिबागजवळच्या थळच्या समोर, खांदेरी आणि उंदेरी ही किल्ल्यांची बेटे. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही चवताळून आले होते, हे मी नातवाला सांगत असताना शेजारचे चार अनोळखी लोकही ऐकत होते. तीस वर्षांची सवय लपत नाही. मग बोटीला बंदराबाहेर वाट दाखवणारा बंदराचा पायलट बोटीच्या कुशीवरून दोराच्या शिडीने खाली उतरला आणि बाजूने धावणाऱ्या लहानशा लाँचवर त्याने पाय टाकला. त्या क्षणी नातवाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. यासाठी एक रुपया लागत नाही आणि चार ते त्र्याहत्तर हे वय त्यात बसते.

त्याआधी आणीबाणीची कवायत असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे. बहुतेक लोक तेथे उभे राहून सेल्फी काढतात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जील्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आपटून कलंडली आणि 32 माणसे गेली. त्याच संध्याकाळी तिच्यावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती, कारण तेव्हा 24 तासांची मुभा होती. आता बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घ्यावी लागते. मी ती विद्यार्थिनीसारखी ऐकली, नातवाच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीवरचे 'सी' हे अक्षर त्याला तीनदा वाचायला लावले आणि सांगितले की चुकलास, कोणी दिसले नाही, तर कोणाला शोधत फिरायचे नाही, या अक्षराच्या जागी जाऊन बसायचे. मुलगा हसला. "आई, ही बोट आहे, कुंभमेळा नाही," असे तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, गोव्याहून परतताना, संध्याकाळी मोठा कार्यक्रम होता. बालकक्षातून नातवाला घेऊन मुलगा वर आला, दुरून तलावाकाठी जांभळी शाल पांघरलेली पाठ त्याला दिसली आणि "जा, आजीकडे जा" असे म्हणून तो सुनेला घेऊन कार्यक्रमाला निघून गेला. माझी शाल जांभळीच आहे, परंतु मी त्या वेळी खोलीत यजमानांना पेज पाजत होते. ती पाठ दुसऱ्याच कोणा बाईंची होती. मध्यंतरी सून खोलीकडे काही न्यायला आली, मला एकटीला पाहून तिने विचारले, "तो कुठे आहे?" मी म्हटले, "तुमच्याकडे." भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते हे पुस्तकात वाचणे निराळे आणि हातातला फोन दगडासारखा निरुपयोगी होणे निराळे. सून तलावाकडे धावली, मुलगा बालकक्षाकडे. त्या पंधरा-वीस मिनिटांत मी बोटीचा कठडा किती उंच आहे याचा जितका विचार केला तितका आयुष्यात कशाचा केला नसेल.

मी जिन्याने खाली गेले. 'सी' अक्षराच्या पाटीखाली, गालिच्यावर, भिंतीला पाठ टेकून तो बसला होता आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलेला गोव्याचा एक कर्मचारी त्याला कागदाची होडी करून दाखवत होता. त्याने रिसेप्शनला फोनही केला होता. नातू म्हणाला, "आजी, मी हललो नाही." मी त्याला काही बोलू शकले नाही.

मुलगा आल्यावर पहिले वाक्य हेच बोलला: "मला वाटले तुझ्याकडे असेल." हे वाक्य मी नात जन्मल्यापासून ऐकते आहे. आईकडे असेल, आई बघेल, आई आहेच. त्यात प्रेम आहे हे मला कळते, पण विचारलेले काहीच नाही. आपणही "आजी-आजोबांना बसण्याची सोय" असे लिहिता तेव्हा त्यांच्या मांडीवर कोणाला बसवणार आहात हे एकदा स्वतःला विचारून पाहा. मुलांना सांभाळायला मला आवडते. फक्त वेळापत्रक छापण्यापूर्वी विचारावे.

तेव्हा सल्ला असा की नऊ जणांना दिवसभर एकत्र बांधून ठेवू नका. रात्रीचे जेवण आणि बोट सुटतानाचा तास एवढे दोन वेळ सर्वांचे ठेवा, बाकी ज्याने त्याने आपले पाहावे. फोन चालणार नाहीत असे धरून भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवा, आणि मूल हातातून हातात द्या, दुरून बोट दाखवून नव्हे. पत्त्यांचे दोन कॅट न्या. बदाम सात खेळायला आमच्या टेबलाशी शेजारच्या खोलीतले गुजराती आजोबाही येऊन बसत. गोव्यात बोट मुरगावला लागते आणि पणजी तेथून साधारण तीस किलोमीटर आहे, त्यामुळे वृद्धांना घेऊन एकच ठिकाण करा, परतण्याची वेळ चुकवू नका.

हे सर्व डिसेंबरातल्या शांत समुद्राचे सांगितले. समुद्र उसळला तर तलाव बंद होतो आणि पोट बिघडते. माझ्या यजमानांनी निघतानाच अव्होमिन ही मळमळीवरची गोळी घेतली, मग आणखी एक घेतली, आणि त्यांना गोवा दिसले नाही. या गोळीने ग्लानी येते. रक्तदाबाची वगैरे औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खोली निवडताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधल्या भागातली घ्या, तेथे हेलकावे कमी बसतात.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. मुलाने शेजारशेजारच्या, मधे दार असलेल्या दोन खोल्या घ्याव्यात असे सुचवले होते. मी माझी खोली स्वतः घेतली आहे: त्यांच्याहून तीन मजले खाली, बरोबर मधोमध. हेलकाव्यांचे कारण मी त्याला सांगितले आहे.