पात्रं ऐकत नसतील तर तूच ऐक त्यांचं

अरे घाबरू नकोस, कथा लिहिताना डोक्यात पात्रं बोलायला लागली म्हणजे काही बिघडलंय असं अजिबात नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२० मध्ये एक अभ्यास छापला, १८१ लेखकांना विचारलं तर ६३ टक्के म्हणाले आम्हाला पात्रांचे आवाज ऐकू येतात, आणि ६१ टक्के म्हणाले पात्रं स्वतःच्या मर्जीने वागतात. माझ्या कथेतल्या आजीला मी मुलाकडे पुण्याला पाठवणार होतो, प्लॉट पक्का होता, पण ती पिशवी घेऊन दारापर्यंत आली आणि परत आत जाऊन चुलीवरचं दूध उतरवायला लागली, मी तीन दिवस भांडलो तिच्याशी, मग नाद सोडला आणि खरी कथा तिथेच सापडली.

फक्त पात्रं अशी बोलायला लागतील ती तंद्री लिहायला बसल्या बसल्या लागत नाही हं. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, पहिली वीसेक मिनिटं कोरडी जातात, तेवढ्यात उठू नकोस, मी तर कालचं शेवटचं पान हाताने परत उतरवून काढतो मग गाडी सुरू होते. शुद्धलेखन नंतर बघ. आणि दुःखाचा सीन लिहिलास की लगेच झोपू नकोस, जरा चालून ये, घरच्यांशी बोल, मी एकदा तसाच झोपलो आणि दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड केली.