शेवटच्या आजारात प्रार्थना आणि चित्र

प्रश्न : आईचा कर्करोग आता बरा होणार नाही. ‘माझं काही खरं नाही’ असं ती म्हणाली, की आम्ही ‘असं बोलू नकोस’ म्हणतो आणि रोझरी (मरियेची जपमाळ) हातात घेतो. खोलीत एखादं पवित्र चित्र लावलं तर बोलणं सोपं होईल का? (एक वाचक, वसई)

उत्तर : होईल. पण आधी रोझरीचं पाहा. आईला गप्प करायला प्रार्थना वापरली, तर ती पुढच्या वेळी तोंड उघडणारच नाही. ‘नमो मरिये’ या रोझरीतल्या प्रार्थनेत आपण मरणाच्या वेळेसाठीच विनंती करतो, पाच रहस्यांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या) रोझरीत, सुरुवातीचे तीन मणी धरून, 53 वेळा. विषय तिच्या ओठांवर आहेच. वेदनाशामक औषधाचा गुण आलेला असताना एकच रहस्य म्हणा आणि थांबून विचारा, ‘आई, त्या वेळेची कसली भीती वाटते?’ मग गप्प बसा. ती रडली तरी लगेच पुढचा मणी धरू नका.

चित्र म्हणाल, तर मरियेचा पती संत योसेफ याच्या मरणाचं निवडा. अंथरुणाशी येशू आणि मरिया आहेत. म्हणूनच योसेफाला चांगल्या मरणाचा आश्रयदाता मानतात. त्यावरून ‘तुझ्याजवळ कोण असावं?’ हे सहज विचारता येतं. चित्र उशामागे लावलं तर तिला दिसणारच नाही. पायथ्याच्या भिंतीवर, निजलेल्या नजरेच्या रेषेत लावा. काच नको, ट्यूबलाइट चमकते.

चित्रकार ग्रुनेवाल्डची इझेनहाइमची वेदी, म्हणजे वेदीवरचा दारांसारखा उघडणारा चित्रफलक (1512–1516, आता फ्रान्समधील कोल्मारला), हिचं चित्र जपून दाखवावं. ती ज्या मठासाठी केली, तिथे बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे हातपाय सडणाऱ्या रुग्णांची सेवा होई. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या अंगावर तशाच जखमा आहेत. ज्याला ‘माझं दुखणं देवाला काय कळणार’ असं वाटतं, त्याच्याशी हे चित्र फार खोलवर बोलतं. मात्र नुसता क्रूस टांगू नका. त्याच वेदीची दारं उघडली की आत पुनरुत्थान आहे. ही दोन्ही चित्रं तिच्या हातात देऊन दाखवा. तिने तोंड फिरवलं तर पुन्हा आग्रह नको.

जुन्या पापांनी ती खचली असेल, तर पंधराव्या शतकातली ‘चांगल्या मरणाची कला’ ही मरणाऱ्याला पडणारे मोह आणि त्यांना उत्तरं दाखवणारी 11 लाकूडठशांची चित्रमाला उपयोगी पडते. निराशेला उत्तर देणाऱ्या चित्रात पेत्र, मग्दालिया मरिया, पश्चात्तापी चोर आणि घोड्यावरून पडलेला पौल आहेत. सगळे चुकलेले, सगळे क्षमा मिळालेले. त्याच मालेत लोभाच्या मोहाचं चित्र म्हणजे घर, घोडा, दारूचं तळघर! मृत्युपत्राचं बोलणं म्हणूनच वेगळ्या दिवशी करा, प्रार्थनेला जोडून नको.

प्रश्न : फादर आले की आजारी माणूस घाबरतो. त्यांना कधी बोलवावं?

उत्तर : शुद्ध हरपण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक धर्माचार्यांच्या सभेने) 1963 मध्येच स्पष्ट केलं, की फादरांनी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार केवळ अखेरच्या घटकेतल्या माणसासाठी नाही. आजार गंभीर झाला की बोलवा, आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 5:14 हे वचन आधी वाचून दाखवा. भीती बरीच ओसरते. कपाळ आणि तळहात उघडे ठेवा. पापनिवेदनाच्या वेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जावं. घास उतरत नसेल तर फादरांना आधीच कळवा. ख्रिस्तप्रसादाचा (पवित्र भाकरीचा) छोटा कण किंवा द्राक्षारसाचा थेंबही चालतो. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नका, बॅटरीचा दिवा ठेवा. आजार पुन्हा बळावला तर हा संस्कार पुन्हा घेता येतो.