पहाटे कंबर आखडून जाग येते आणि चालले की बरे वाटते; हा मणक्याचा संधिवात असू शकतो का?

आपले वय २८ आहे, सहा महिन्यांपासून हा त्रास आहे आणि एमआरआयमध्ये 'गादी किंचित सरकली आहे' एवढेच निघाले, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. मात्र अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा संधिवात घेऊन कोल्हापुरात अकरा वर्षे राहतो आहे, म्हणून लिहितो.

माझे दुखणे सुरू झाले तेव्हा मी दिवसा उद्यमनगरात लेथवर उभा राहत असे आणि संध्याकाळी तालमीत जात असे, त्यामुळे उसण भरली असेल असे घरचे म्हणाले, वस्ताद म्हणाले आणि एक डॉक्टरही म्हणाले. परंतु उसण पडून राहिल्याने उतरते, आणि माझे नेमके उलटे होते. रविवारी दुपारी झोपून उठलो की कंबर लाकडासारखी होई, पहाटे तीनच्या सुमारास कूस बदलण्यासाठी पलंगाची कड धरावी लागे, आणि रंकाळ्याला अर्धा तास चालून आलो की मी बराच मोकळा होई. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, त्यातही ठणका कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात जात असेल, तर संधिवाततज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

माझे दीड वर्ष वाया गेले ते एमआरआयपायी. तो कमरेच्या मणक्यांचा काढला गेला होता, आणि हा आजार बहुधा सुरू होतो तो कणा खाली कमरेच्या हाडांना जिथे जुळतो त्या दोन सॅक्रोइलियाक सांध्यांत. आपला अहवाल काढून तपासणी कोणत्या भागाची झाली ते पाहा. गादी किंचित सरकलेली तर काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही दिसते. साध्या एक्स-रेमध्ये बदल दिसायला काही वर्षे लागू शकतात. सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी नॉर्मल आल्याने आजार नाही असे ठरत नाही, आणि एचएलए-बी२७ ही या आजाराशी निगडित जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आल्याने आजार आहे असेही ठरत नाही, कारण ते जनुक असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

उपचार सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी सुरू होतो, पण पोट आणि मूत्रपिंड सांभाळून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यांनी भागले नाही तर अडॅलिमुमॅब, सेक्युकिनुमॅब अशी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी इंजेक्शने असतात. ती महाग आहेत, आणि त्याआधी छुपा क्षयरोग नाही ना हे तपासावेच लागते. इतर संधिवातांत देतात त्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा मणक्याला फारसा उपयोग होत नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा. कंबर 'बसवून' देणाऱ्यांकडे मात्र कृपा करून जाऊ नका, कारण जखडलेला मणका झटक्याने मोडू शकतो.

व्यायाम हा औषधाला पर्याय नाही, पण तो चुकला की दुसऱ्या दिवशी मला कळते. पाठ पुढे वाकत चालली नाही ना हे कळावे म्हणून महिन्यातून एकदा मी भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभा राहतो, बायको डोक्याच्या मागे पट्टी धरते, आणि भिंत व डोके यांच्यातले अंतर कॅलेंडरवर लिहून ठेवते. आणि एक विसरू नका, या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते: एखादा डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणून वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि त्यांना कंबरेचेही सांगा.