विणीचा हंगाम म्हणजे माजाचा हंगाम नव्हे

प्रश्न असा आहे : ‘एप्रिल-मे हा ध्रुवीय अस्वलांचा विणीचा हंगाम असतो. मादी दोन बछड्यांना जन्म देते.’ या मजकुरात ‘बछडे’ चालेल की ‘पिल्ले’ हवे? आणि एका खेपेच्या पिल्लांना मिळून काय म्हणावे?

पिल्ले लिहा. बछडा हिंदीतून आला आणि तिथेही तो मुळात गाईचा. खरी चूक पहिल्या वाक्यातल्या ‘विणीचा हंगाम’ या शब्दांत आहे, ती मात्र कोणी विचारतच नाही!

‘वीण’ आली ‘विणे’ या क्रियापदावरून. गाय व्याली, शेळी व्याली, तेच हे विणे. मूळ संस्कृत ‘विजायते’. दोन स्वरांमधला ‘ज’ प्राकृतात गळाला, जसा ‘राजा’चा ‘राय’ होताना गळाला. हिंदी ‘ब्याना’ आणि गुजराती ‘वियावुं’ ही याचीच भावंडे. संस्कृतात ‘विजाता’ म्हणजे बाळंत झालेली बाई. शब्दाच्या पोटातच ‘जन्’ धातू आहे, समागमाचा तिथे संबंध नाही. वीण म्हणजे पिढ्यांचे धागे विणणे, असेही काही जण रंगवून सांगतात. साफ चूक. कापडाची वीण ‘वे’ धातूच्या घरची. दोन्ही शब्द आज सारखे दिसतात, इतकेच.

पक्ष्यांबाबत ‘विणीचा हंगाम’ ढोबळपणे वापरला जातो. जोडी जमणे, घरटे, अंडी, सगळे काही आठवड्यांत उरकते, म्हणून तिथे निभावते. ‘रूढी बदलली, आता वाद कशाला’ म्हणणाऱ्यांनी ध्रुवीय अस्वलाकडे पाहावे.

ही मादी एप्रिल-मेच्या सुमारास माजावर येते, म्हणजे समागमाला तयार होते. नर तिच्या पावलांचा वास घेत बर्फावरून मैलोगणती माग काढतो. ती फळते, पण गर्भ वाढत नाही. पेशींचा इवलासा गोळा गर्भाशयात नुसता थांबून राहतो आणि शरदात भिंतीला रुजतो. तोवर सील खाऊन तिच्या अंगावर पुरेशी चरबी चढली नसेल, तर रुजतच नाही. रुजला, तर ती बर्फात बीळ कोरून आत शिरते आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, ऐन अंधाऱ्या दिवसांत, विते. तेव्हा एप्रिल-मे हा माजाचा हंगाम, आणि वीण हिवाळ्यात. मधले सहा-आठ महिने एकाच शब्दात कसे कोंबायचे? घोटाळ्याचे एक कारण मला दिसते : पिल्ले बिळाबाहेर दिसतात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणून पाहणाऱ्याला ती तेव्हाचीच वाटतात.

राहिला एका खेपेच्या पिल्लांचा शब्द. तो आहे ‘वेत’, विणेचाच नातलग. इंग्रजीत वेताला ‘लिटर’ म्हणतात आणि कचऱ्यालाही ‘लिटर’च, म्हणून यंत्राने केलेल्या भाषांतरांत इथे चक्क ‘कचरा’ छापलेला आढळतो, इतका हा शब्द आपण टाकून दिला आहे. या अस्वलाच्या एका वेतात बहुधा दोन पिल्ले, कधी एक, क्वचित तीन. जन्मतः पिल्लू जेमतेम ६०० ग्रॅमचे, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. दुधात चरबीच ३० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बिळाबाहेर येताना तेच १०-१२ किलोंचे होते. इतके दूध पाजणारी आई या काळात स्वतः काहीही खात नाही.

वेताने मोजणीही होते. मादी पाच-सहा वर्षांची झाली की साधारण पहिलारू होते, म्हणजे पहिल्यांदा विते. पिल्ले सुमारे अडीच वर्षे तिच्या मागे असतात, तोवर ती पुन्हा माजावर येत नाही. म्हणून दुसरे वेत बहुधा तिसऱ्या वर्षी. आधीची पिल्ले लवकर दगावली तरच त्याआधी.