जॉर्जियाच्या बेटांवर समुद्र सोडून काय बघावं, काय खावं?

आई-बाबांना घेऊन अटलांटाहून चार दिवस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या बेटांवर जायचंय आणि किनाऱ्याशिवाय तिथं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच राज्यातल्या सव्हाना शहरात राहतो, त्यामुळे उत्तर पक्षपाती असणार. माझ्या मते किनारा हाच तिथला सगळ्यात साधा भाग. पाणी गढूळ, वाळू करडी. कोकण बघितलेल्यांना त्याचं कौतुक वाटायचं नाही. बेटाची मागची, मुख्य भूमीकडची बाजू बघा.

तिथं मैलोन् मैल खाजण पसरलंय. आपल्यासारखी खारफुटीची झाडं नाहीत, बहुतेक सगळं एकाच जातीचं उंच गवत. इथला किनारा आत वळलेला असल्यामुळे भरतीचं पाणी दाटत येतं आणि दिवसातून दोनदा दोन मीटरच्या वर चढतं. पाणी चढलं की गवताच्या काड्यांवर सरकणाऱ्या बारक्या गोगलगायी दिसतील. खाली त्यांना खाणारे निळे खेकडे फिरत असतात. हे गवत जिवंतपणी फारसं कुणी खात नाही. कुजून त्याचा भुगा झाला की त्यावर सगळा बाजार चालतो. कोळंबीची पिल्लं या खाड्यांत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. खाजण किती पिकाऊ असतं याचा पायाभूत अभ्यास पर्यावरणशास्त्रज्ञ युजीन ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात इथल्याच सॅपेलो बेटावर केला.

म्हणून ताटात काय येतं तेही मागच्याच दारानं येतं. कोळंबी आणि ग्रिट्स (मक्याच्या कण्या, आपल्या मऊ उपम्याच्या जवळच्या) इथं खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. थंडीत कालवं भाजतात. पण मला विचाराल तर रेड राइस. टोमॅटोत शिजवलेला हा भात गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांच्या हातचा. भातशेतीही त्यांच्याच जिवावर उभी राहिली: बेटांच्या मागे, नदीमुखांशी, भरतीच्या जोरानं गोडं पाणी शेतात घेऊन. बाबा शाकाहारी असतील तर एक सावधगिरी: भात, चवळी, पालेभाजी, कशातही डुकराचं मांस असू शकतं. दरवेळी विचाराच.

बेटांवर मात्र कापूस होता, लांब धाग्याचा, फार महागडा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्यानं टायबी बेटावरून तोफा डागून पुलास्की किल्ला घेतला आणि सव्हाना बंदर बंद पडलं. अशा नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूसवाल्यांची चांदी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथला शेअरबाजार कोसळला. किल्ला टायबीच्या रस्त्यावरच आहे, विटांत रुतलेले गोळे अजून दिसतात.

आई-बाबांसाठी जेकिल बेट सोयीचं. पूल आहे, गाडी थेट जाते, प्रवेशाला पार्किंगचे पैसे पडतात. उत्तर टोकाला मेलेल्या ओकांचे सांगाडे वाळूत पडलेत, सगळे तिथं फोटो काढतात. हे बेट उत्तरेला झिजतं आणि दक्षिणेला वाढतं, त्याचाच तो पुरावा. दक्षिणेकडे वाँडरर जहाजाचं स्मारक आहे. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी असूनही या जहाजानं १८५८ मध्ये सुमारे ४०० माणसं इथं उतरवली. धनाढ्यांच्या जुन्या क्लबाची सहल मला तितकीशी आवडत नाही, पण १९१० मध्ये फेडरल रिझर्व्हचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) आराखडा तिथं गुपचूप शिजला हे ऐकायला बाबांना कदाचित मजा येईल.

एक दिवस सॅपेलोला द्याच. पूल नाही, बोटीनंच जायचं. हॉग हॅमॉक या वस्तीत गुलामांचे वंशज, गीची लोक, अजून राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचा पूर्वज बिलाली मुहम्मद. त्यानं अरबी लिपीत लिहिलेली वही जॉर्जिया विद्यापीठाकडे आहे. १९३४ मध्ये तंबाखूवाल्या रेनॉल्ड्स घराण्यातल्या एकानं बेटाचा बहुतेक भाग विकत घेतला आणि विखुरलेल्या वाड्या मोडून लोकांना या एका जागी आणलं. २०२३ मध्ये काउंटीनं घरांच्या आकाराची मर्यादा दुपटीहून वाढवली. बाहेरचे पैसेवाले बंगले बांधतील आणि करापायी आपल्याला उठावं लागेल, ही तिथल्यांची धास्ती. मला ती खरी वाटते. म्हणून शक्यतो तिथल्याच माणसाकडून बेट बघा, आणि लाल चवळी विकत मिळाली तर घ्या. आपल्या आमटीत छान शिजते.

बोटीचं आधी ठरवून जा, ऐनवेळी जागा मिळत नाही. खाण्याची सोय बेटावर जवळजवळ नाही, डबा आणि पाणी न्या. वसंतात आणि शरदात चिलटांसारखे बारीक किडे कडकडून चावतात, तेव्हा आईला पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यायला सांगा.