मुरुमे येणाऱ्या तेलकट चेहऱ्याची रोजची निगा कशी राखावी?

ताई, आपण लिहिले आहे की आपले वय 23 आहे, रोज गाडीने हिंगणा एमआयडीसीत नोकरीला जाता, कपाळावर आणि हनुवटीवर मुरुमे येतच राहतात, घरात सात बाटल्या जमल्या आहेत आणि त्यांतले आधी काय लावावे हेच कळेनासे झाले आहे. मी डॉक्टर नाही. नागपूरच्या सक्करदऱ्यात औषधांच्या दुकानात 11 वर्षे उभा असलेला फार्मासिस्ट आहे, आणि विसाव्या वर्षी माझाही चेहरा असाच होता. त्या सात बाटल्यांपैकी तीन बाजूला ठेवा, एवढे तर मी त्या न पाहताच सांगू शकतो, कारण रोजच्या निगेला तीन वस्तू आणि रात्रीचे एक औषध याहून अधिक काही लागत नाही.

मुरूम म्हणजे चेहऱ्यावरचा मळ, ही समजूत आधी सोडावी लागेल. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून तेल अधिक येते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा चिकट बूच बसतो, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि मग ती जागा लाल होऊन दुखू लागते. हा बूच आपल्याला दिसण्याच्या कितीतरी दिवस आधी बसलेला असतो. म्हणूनच आज उठलेल्या पुटकुळीवर ठिपका लावून भागत नाही. ज्या भागात मुरुमे येतात त्या सगळ्या भागावर औषध पसरावे लागते आणि त्याचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. बेसनाने खसाखसा चोळल्याने, लिंबू फासल्याने किंवा टूथपेस्ट लावल्याने तो बूच निघत नाही. फक्त वरची कातडी सोलवटते आणि डाग मागे राहतात.

सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नये, कारण तो क्षारधर्मी असतो आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असले तर चालेल, मात्र चेहरा ताणल्यासारखा वाटू लागला तर एकदम साधा घ्यावा. दिवसातून दोनदा धुणे पुरे. दुपारी फारच घाम आला तर नुसत्या पाण्याने धुवावे. त्यानंतर तेलविरहित, जेलसारखे हलके मॉइश्चरायझर लावावे. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असे गिऱ्हाइके मला रोज विचारतात, पण रात्रीचे औषध त्वचा कोरडी करते आणि चेहरा जळजळला की माणूस चार दिवसांत औषधच सोडून देतो. पारा 45 अंशांच्या घरात गेलेला असतो तेव्हा सकाळचे मॉइश्चरायझर गाळून थेट सनस्क्रीन लावले तरी बिघडत नाही; डिसेंबरच्या थंडीत मात्र ते गाळू नये.

सनस्क्रीन ही तिसरी वस्तू. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यानंतर जो काळपट डाग राहतो तो उन्हाने अधिक गडद होतो आणि महिनोन्‌महिने जात नाही, म्हणून एसपीएफ 30 किंवा अधिक, जेलच्या स्वरूपातले सनस्क्रीन घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांवर दोन पूर्ण रेघा काढल्या म्हणजे चेहरा आणि मान यांना पुरेल इतके होते. बहुतेक जण याच्या पाव ते अर्ध्या हिश्शाइतकेच लावतात आणि मग सनस्क्रीन कामाचे नाही म्हणतात.

आता रात्रीचे औषध. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइडचे 2.5 टक्क्यांचे जेल वाटाण्याएवढे घेऊन मुरुमांच्या भागावर पातळ पसरावे, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. जास्त टक्क्यांचे घेतल्याने गुण लवकर येतो असे नाही, जळजळ मात्र नक्की वाढते. हे जेल कापडाचा रंगही उडवते; माझ्या निळ्या अभ्र्यावर पांढरे चट्टे पडले तेव्हा आईने घरातल्या प्रत्येकाला विचारले होते की ब्लीचिंग पावडर कोणी सांडली. तेव्हापासून मी पांढरा अभ्रा वापरतो. अ‍ॅडापॅलीनचे जेल बूच बसण्यावरच काम करते, म्हणून बारीक काळ्या-पांढऱ्या दाण्यांवर ते अधिक चांगले, परंतु ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे आणि गरोदर असताना किंवा तसा विचार असताना लावू नये.

आपल्या सात बाटल्यांमध्ये ‘गोरेपणाची’ एखादी ट्यूब असेल तर मला तिचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. कॉलेजात असताना वहिनीच्या ड्रेसिंग टेबलावरची अशीच एक ट्यूब मी लावू लागलो होतो. आठ दिवसांत मुरुमे बसली, चेहरा उजळला, मित्र विचारू लागले. दोन महिन्यांनी ती संपली आणि चार दिवसांत गाल भाजल्यासारखे लाल झाले, पूर्वी कधी नव्हती इतकी बारीक पुरळ उठली, आणि पुन्हा तीच ट्यूब आणली की सगळे शांत होई. त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या त्वचा उजळवणाऱ्या औषधांच्या जोडीला मोमेटासोन हे स्टेरॉइड होते. वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट चट्ट्यांसाठी, डॉक्टर असे मिश्रण मोजक्या आठवड्यांसाठी आणि स्वतःच्या देखरेखीखाली देतात. मुरुमांवर ते स्वतःच्या मनाने लावत राहिले तर त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, आणि मुरुमे उलट वाढतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी तरतूद केली, तरीही ‘मैत्रिणीने लावलेलीच द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक आठवड्यातून दोन-तीनदा माझ्याकडे येते आणि मी नाही म्हटले की तोंड वाकडे करून पुढच्या दुकानाकडे वळते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेले आढळले आणि आपण ती बरेच दिवस लावत असाल, तर आपल्या मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करावी.

हिंगण्यापर्यंतच्या प्रवासाचाही यात वाटा आहे. नागपुरात मुली उन्हासाठी डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने बांधतात. त्यात चूक काही नाही, पण तीच ओढणी चार दिवस वापरली तर घाम, धूळ आणि घर्षण रोज हनुवटीवरच घासले जाते. सुती ओढण्या तीन ठेवाव्यात आणि रोज धुतलेली बांधावी. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टाही पुसावा. कपाळाबाबत एक विचारतो: रात्री खोबरेल तेल लावून झोपता का? ते कपाळावर उतरते आणि तिथली छिद्रे बुजवते. तेल लावायचेच असेल तर सुटीच्या दिवशी न्हाण्यापूर्वी तासभर लावावे. कपाळावर सगळे एकाच आकाराचे, खाजणारे दाणे असतील तर ती मुरुमे नसून बुरशीची पुरळ असू शकते. तिचे औषध वेगळे आहे.

खाण्याविषयी थोडक्यात. सावजी रस्सा किंवा तर्री पोहे खाल्ल्याने मुरुमे येतात याला आधार नाही; गोड पेये, मैदा, साखर आणि काहींच्या बाबतीत दूध किंवा व्हे प्रोटीन यांचा संबंध मात्र अभ्यासांत दिसलेला आहे.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, गाठी खोल आणि दुखऱ्या असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर या घरगुती दिनचर्येवर बारा आठवडे घालवू नयेत. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. एरवी येत्या रविवारी सुरुवात करा, मार्करने जेलच्या ट्यूबवर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, आणि आठ आठवडे दुसरी कोणतीही नवीन वस्तू आणू नका. तेवढ्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जाताना बाजूला काढलेल्या बाटल्याही पिशवीत घालून न्या, विशेषतः जिच्यावरचे नाव पुसून गेले आहे ती.